ब्रेक हा वादाचा विषय नव्हे!

मोटारीचा रंग कोणता असावा, यावर वाद होऊ शकतो. ती एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते, यावर तर रोजच होतो. पण पायाखालचा ब्रेक दाबल्यावर ती थांबते की नाही, हा वाद घालण्याचा विषय नव्हे. तो तपासण्याचा विषय आहे! दुर्दैवाने आज नेमका त्याचाच वाद होऊन बसला आहे. पेट्रोल आणि वीज या दोन्हींच्या बळावर चालणाऱ्या 'हायब्रीड' मोटारी आता पुण्या-मुंबईची वेस ओलांडून परभणीसारख्या जिल्ह्यातही धावू लागल्या आहेत. अशा मोटारींचे चार मालक एकत्र आले, की ब्रेकचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. एक सांगतो, "खड्ड्यावरून जाताना ब्रेक दाबला, की गाडी क्षणभर मोकळी सुटल्यासारखी वाटते." दुसरा म्हणतो, "अहो, ती या गाडीची तऱ्हाच आहे. सवय करून घ्या." तिसऱ्याच्या मते पहिल्याला मोटारच चालवता येत नाही. चौथ्याला आपली गाडी विकायची असते, म्हणून तो गप्प बसतो! चहा संपतो, मंडळी उठतात आणि ज्या प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, तो प्रश्न तसाच टेबलावर पडून राहतो.

या चौघांपैकी कोणाचे खरे, हे सांगणाऱ्यांत आम्ही नाही. पण हा प्रश्न काय आहे, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. साध्या मोटारीत पाय आणि चाक यांचे नाते सरळ असते. पेडल दाबले, की तेलाचा दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो आणि घर्षणाने चाक थांबते. हायब्रीड मोटारीत या नात्यात एक मध्यस्थ आला आहे. ब्रेक हलका दाबला, की विजेची मोटर उलटे काम करू लागते. ती जनित्र बनते, चाकांना मागे खेचते आणि गाडीचा वेग खाऊन त्याची वीज बॅटरीत भरते. थांबवण्याचे काम मोटरने किती करायचे आणि तेलाच्या दाबाने किती, याची वाटणी एक संगणक क्षणाक्षणाला करीत असतो. इंधनाची जी बचत होते, तिचा मोठा वाटा या युक्तीचा आहे. युक्ती उत्तम आहे यात शंका नाही. परंतु खड्ड्यात, खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर चाक घसरले, की मोटरने आपले काम सोडून द्यावे लागते आणि ते घर्षणाच्या ब्रेकने तत्काळ उचलावे लागते. या हस्तांतरात क्षणाचाही विलंब झाला, तर पायाला जमीन निसटल्याचा भास होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ज्याला आपण 'क्षणभर' म्हणतो, त्याची लांबी रस्त्यावर अशी मोजावी लागते!

हा प्रश्न जगाला नवा नाही. २००९ साली टोयोटा कंपनीने प्रियस या आपल्या प्रख्यात हायब्रीड मोटारीची तिसरी आवृत्ती बाजारात आणली. थोड्याच महिन्यांत जपानमधून आणि अमेरिकेतून तक्रारी येऊ लागल्या, की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटतो. तेव्हाही मालकांत दोन तट पडले. कंपनीचे पहिले म्हणणे असे होते, की हा पायाला जाणवणाऱ्या फरकाचा प्रश्न आहे आणि पेडल अधिक जोराने दाबले तर गाडी थांबते. परंतु अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने १२४ तक्रारींच्या आधारावर फेब्रुवारी २०१० मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. त्यानंतर आठवडाही उलटला नाही, तोच ९ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीने जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रीड गाड्या माघारी बोलावल्या आणि ब्रेकवर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलून दिली. नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांत हा बदल त्यापूर्वीच, जानेवारीत, करण्यात आला होता! म्हणजे जे नव्या ग्राहकासाठी दुरुस्त करण्याजोगे होते, ते जुन्या ग्राहकाला मात्र 'जाणवण्याचा फरक' म्हणून सांगितले जात होते. त्याच सुमारास फोर्ड कंपनीलाही आपल्या सुमारे १७,६०० हायब्रीड गाड्यांची आज्ञावली दुरुस्त करून द्यावी लागली. पहिल्या तटातले लोक वेडे नव्हते, हे असे सिद्ध झाले.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या गाड्यांविषयी आणखी एक ओरड झाली. गाड्या आपोआप वेग घेतात आणि त्याला त्यांचा संगणक कारण आहे, असा तो आरोप होता. अडकणारे पेडल आणि पायाखालची चटई हे दोष खरे निघाले व त्यांसाठी लाखो गाड्या परत बोलावण्यात आल्या. परंतु संगणकावरच्या आरोपाची तपासणी 'नासा' या अंतराळसंस्थेच्या तंत्रज्ञांनी केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्याला तसा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले. पुष्कळ घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पडला असावा, असा सरकारी निष्कर्ष निघाला. एकाच कंपनीविरुद्धच्या दोन तक्रारी, एक खरी ठरली आणि दुसरीला पुरावा मिळाला नाही! दोन्हींचा निकाल कोणाच्या मोठ्या आवाजाने लागला नाही. तो नोंदीने आणि तपासणीने लागला. आमचे म्हणणे एवढेच आहे, की परभणीच्या मोटारमालकालाही हीच नोंद आणि हीच तपासणी मिळाली पाहिजे.

ती मिळते काय? "जगात जर्मनी, देशात परभणी" असे परभणीकर मोठ्या मिश्कीलपणे सांगतात. पण वाहनसुरक्षेच्या बाबतीत जर्मनीतला ग्राहक आणि परभणीतला ग्राहक यांची तुलना करू गेल्यास हसण्याची इच्छा राहत नाही. आपल्या देशात सदोष मोटारी परत बोलावण्याची पद्धत जुलै २०१२ मध्ये सुरू झाली, ती केवळ मोटारउद्योगाने स्वतःहून स्वीकारलेल्या संहितेनुसार. कायद्याने हे बंधन आले ते २०१९ च्या मोटारवाहन दुरुस्ती अधिनियमाने. त्यातले ११०-अ हे कलम आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम यांच्या आधारे सरकार सात वर्षांच्या आतील सदोष गाड्या सक्तीने परत बोलावू शकते आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकते. कलम उत्तम आहे. परंतु त्याच्या पहिल्याच वाटेवर एक फाटक उभे आहे. मालकांच्या तक्रारींवरून कारवाई व्हायची, तर त्या गाडीच्या वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरवून दिलेली तक्रारींची संख्या भरावी लागते.

येथेच खरी मेख आहे. हायब्रीड ब्रेकचा दोष, असलाच तर, मुंबईच्या गुळगुळीत सागरी मार्गावर दिसणार नाही. तो खडबडीत, ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर दिसेल. परभणीची जमीन काळी, कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या उरावर बांधलेले रस्ते एका पातळीत राहणे मोठे कठीण. म्हणजे जेथे दोष सर्वांत आधी जाणवेल, तेथे अशा गाड्या सर्वांत कमी. आणि जेथे गाड्या पुष्कळ, तेथे दोष जाणवणारे रस्ते कमी. अशा स्थितीत तक्रारींची संख्या भरणार कधी? तोवर जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या एकट्यादुकट्या मालकाला "तुम्हाला सवय नाही" हेच उत्तर मिळत राहणार!

आणि प्रश्न केवळ मालकाचा तरी कोठे आहे? गाडी त्याने आपल्या पैशाने घेतली, धोकाही त्याने आपल्या हिशेबाने पत्करला, असे घटकाभर मानू. पण कल्याणहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पाथरी, मानवत, परभणी या टापूत रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलांनी कोणता धोका पत्करला होता? ऊस भरलेल्या बैलगाडीच्या जूवर बसलेल्या माणसाने कोणत्या कागदावर सही केली होती? शेगावहून पंढरपूरला निघालेली श्रीगजाननमहाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून जाते. त्या दिवसांत रस्ते ओले असतात आणि त्यांच्या कडेने हजारो वारकरी पायी चालत असतात. गाडीच्या ब्रेकवर त्यांचाही हक्क आहे. म्हणूनच ११०-अ कलमात चालक आणि प्रवासी यांच्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षिततेचाही स्पष्ट उल्लेख आहे.

त्याच कलमात आणखी दोन वाटा आहेत. तपासणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालावरून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मिळालेल्या माहितीवरूनही सरकार गाड्या परत बोलावू शकते. मग ब्रेक आणि सुकाणू या दोन अवयवांच्या तक्रारींना तरी संख्येची अट कशाला? पुण्यात 'एआरएआय'सारखी नामांकित तपासणीसंस्था आहे. थोड्या तक्रारी एकाच स्वरूपाच्या आल्या, की ती गाडी तेथे खडबडीत आणि ओल्या पृष्ठभागावर तपासली गेलीच पाहिजे, अशी आमची सरकारकडे स्पष्ट मागणी आहे. दुसरी मागणी अशी, की ब्रेकविषयी आलेली प्रत्येक तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत लिहून घेऊन तिची प्रत त्याला देण्याचे बंधन अधिकृत दुरुस्तीकेंद्रांवर घालावे. तिसरी अशी, की माघारी बोलावलेल्या गाड्यांची यादी प्रत्येक जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लावावी आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना ती दुरुस्ती झाली आहे की नाही, हे पाहिल्यावाचून कागद पुढे सरकू नये. मग आमचा तो गप्प बसणारा चौथा मालक आपला प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात बांधू शकणार नाही!

मोटार बनविणाऱ्यांनाही आम्ही दोन शब्द सुनावू इच्छितो. 'ही या गाडीची तऱ्हाच आहे' हे म्हणणे खरे असेल, तर ती तऱ्हा गाडी विकण्यापूर्वी सांगायला हवी होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात वस्तूच्या दोषाबरोबरच अपुऱ्या सूचनांबद्दलही उत्पादकाला जबाबदार धरले आहे. ग्राहकाला मराठीत, समोर बसवून, गाडी चालवून दाखवून हे समजावून देण्यास कितीसा खर्च येतो?

अखेर मालकांना. आपल्या शंकेची अवहेलना होऊ देऊ नका आणि तिची अफवाही करू नका. तारीख, ठिकाण, वेग, रस्ता कोरडा होता की ओला, गाडी किती किलोमीटर चाललेली होती, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवा. ब्रेक सुटल्यासारखा वाटला, तर घाबरून पाय उचलू नका. पेडल ठामपणे दाबून धरा. तक्रार लेखी द्या व तिची पोच घ्या. दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी पुण्या-मुंबईच्या खेपा घालण्याचे कारण नाही. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा अधिकार याच कायद्याने दिला आहे. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर परभणीच्या माणसाला परभणीतच न्याय मागता येतो.

चहाच्या टेबलावर चार शहाण्यांचे पाच निष्कर्ष निघतात आणि एकही कागदावर उतरत नाही. अमेरिकेत १२४ माणसांनी आपली शंका कागदावर उतरवली, तेव्हा चार लाखांहून अधिक गाड्या दुरुस्त झाल्या. परभणीच्या मोटारमालकांनी वाद खुशाल घालावा, पण उठण्यापूर्वी एक कागद पुढे ओढावा आणि लिहायला बसावे!