पोरगी प्रश्न विचारू लागली

धंतोलीतील दवाखान्यांत ड्यूटी करणाऱ्या आमच्या माता-भगिनींची एक तक्रार असते, "पोरगी कॉलेजात गेली अन् उलटून बोलायला लागली." मग तिचे कॉलेज बंद करण्याची भाषा घरात सुरू होते. ताई, ते उलटून बोलणे नव्हे, विचार करणे आहे! बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्यांची संसदही भरे. मुले तेथे उभे राहून आपले मत मांडत. गुण हवेतच; पण पहिल्या वर्षी मान खाली घालणारी मुलगी तिसऱ्या वर्षी विहारात चार माणसांपुढे बोलते, हीही कमाईच. म्हणून आम्ही सांगतो, रात्री जेवताना विचारा, "आज काय नवे शिकलीस?" आणि ऐका. तिचे शिक्षण मध्येच तोडू नका. जयभीम!