हिरव्या चटईची उलटी बाजू

२१ जानेवारी २०२३ रोजी नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. नाणेफेक जिंकल्यावर रोहित शर्माला फलंदाजी घ्यायची की गोलंदाजी हेच क्षणभर आठवेना, न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत गुंडाळला गेला आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. धावफलकापेक्षा हिरवळीकडेच ज्यांचं लक्ष जास्त, अशी मंडळी प्रत्येक सामन्यात असतात. असं मैदान पाहिलं की घरापुढच्या वीस-बाय-तीसच्या तुकड्यालाही तेच रूप यावं असं त्यांना वाटू लागतं. पुढच्या रविवारी नर्सरी, गुंडाळलेल्या हिरव्या चटया, चौरस फुटाचा भाव आणि टेम्पो.

अशा मैदानांच्या पोटात वाळूचे थर असतात, पाणी वाहून नेणारे पाइप असतात, वर्षभर राबणारी माणसं असतात. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. नर्सरीतही दिसत नाही. तिथे चटई हिरव्या बाजूने दाखवतात, आणि गिऱ्हाईक तीच बाजू बघून पैसे मोजतं.

रायपूरच्या भोवतालचा शेतकरी असा फसत नाही. छत्तीसगढच्या मैदानी भागात मातीला चार नावं आहेत: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचवट्यावरची तांबूस, खडेगोटे असलेली, उथळ माती म्हणजे भाटा. पाणी ओतलं की गडप. तिच्या खाली उतारावर पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागात काळीभोर कन्हार, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि श्रावणात पायातली चप्पल ठेवून घेते. विदर्भातल्या वाचकाला कन्हारची ओळख करून द्यायला नको. भाट्यावर कोदो-कुटकी, मटासीत लवकर येणारा भात, डोरशात मध्यम मुदतीचा, कन्हारात उशिराचा भात आणि त्याच ओलीवर उतेरा पद्धतीने तिवरा, म्हणजे आपली लाखोळी, असा इथला जुना हिशेब. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी १९७०च्या दशकात रायपूरच्या संशोधन संस्थेत राहून भाताचे हजारो स्थानिक वाण गोळा केले. एवढे वाण निर्माण झाले, त्याचं एक मोठं कारण हेच की इथे आधी शेत कुठलं ते विचारतात आणि मग बियाणं.

भातही गवतच. पण अंगणातल्या गवताची वेळ आली की हा क्रम उलटा होतो: आधी ‘मेक्सिकन की सिलेक्शन वन?’, आणि माती कुठली हा प्रश्न चटई पिवळी पडल्यावर.

नव्या कॉलन्यांमध्ये तर हा प्रश्न आणखी अवघड असतो, कारण पायाखाली बहुतेक वेळा या चारांपैकी कुठलीच माती नसते. प्लॉट सखल असला की तो मुरुमाने भरतात. त्यावर बांधकाम उभं राहतं आणि उरलेली खडी, सिमेंटचा गाळ, विटांचे तुकडे घरापुढेच दाबले जातात. वर दोन-तीन इंच काळी माती पसरली की सगळं झाकलं जातं. त्यामुळे पहिला खर्च गवतावर करायचा नसतो. तो एक फूट खोल खड्ड्यावर करायचा असतो. खड्डा पाण्याने भरावा, जिरू द्यावा, पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दहा मिनिटांत नाहीसं झालं तर खाली मुरूम किंवा भाटा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात तोंड दिसत असेल तर कन्हार आहे, नाहीतर दाबलेला गाळ. दोन-तीन तासांत जिरलं तर नशीब.

दुसरी परीक्षा याहून सोपी. पाण्याची रिकामी बाटली एक तृतीयांश मातीने भरायची, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, आणि खळाखळा हलवून ओट्यावर ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा दोन-तीन तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. पट्ट्या फुटपट्टीने मोजता येतात. सामू आणि क्षार जाणून घ्यायचे असतील तर कृषक नगरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहेच.

आता चटई. ती विकत घेताना उलटी करावी. विक्रेता थोडा कुरकुरेल, पण खरा माल त्या बाजूला आहे. तिथे अर्धा-पाऊण इंच मातीचा थर असतो, आणि ती माती जिथे गवत वाढवलं तिथली असते. ते गाव शंभर किलोमीटरवर असू शकतं किंवा हजार. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे आणि तिथून लॉनच्या गुंडाळ्या दूरवर जातात. चटई गुंडाळता यावी, उचलताना फाटू नये म्हणून चिकट माती उत्पादकाच्या सोयीची. म्हणजे गिऱ्हाईक गवताबरोबर परक्या गावच्या मातीचा एक पापुद्राही विकत घेतं.

घोटाळा इथेच होतो. चिकणमातीचा हा पापुद्रा मुरुमावर किंवा भाट्यावर थेट अंथरला तर पाणी त्या पापुद्र्यातच अडकतं. बारीक कणांची माती पाणी घट्ट धरून ठेवते आणि पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या भरड थराला थेंबही देत नाही. सकाळी पाणी दिल्यावर चटई पचपचीत आणि खालची जमीन कोरडी. मुळं जिथे ओल आहे तिथेच घुटमळतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळिसावर गेला की अर्धा इंच माती दुपारपर्यंत वाळते आणि गवत वरून करपतं. मालक म्हणतो, दोन वेळा पाणी दिलं हो! दिलं खरं, पण ते मुळांना खाली बोलावण्याच्या कामी आलं नाही. उलट प्रकारही होतो. वाळूसर मातीतली चटई कन्हारावर पडली की पाणी झरकन खाली येतं आणि दोन मातींच्या सांध्यावर तुंबतं. पावसाळ्यात मुळं कुजतात, बुरशीचे तपकिरी गोल उठतात.

उपाय तीन. आपल्या मातीच्या जवळपासच्या मातीत वाढलेली चटई मागणं हा पहिला. ती मिळाली नाही तर चटईची माती पाण्याच्या धारेने धुऊन फक्त मुळांची जाळी अंथरणं. काम चिखलाचं आणि उन्हाळ्यात जोखमीचं, पण सांधाच उरत नाही. तिसरा उपाय म्हणजे जमीन तयार करण्यात हात आखडता न घेणं. मुरुमावर किमान सहा इंच चांगली माती हवी. हजार चौरस फुटांना हे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास होतात. दोन-तीन इंच काळ्या मातीचा मुलामा कशाला पुरत नाही ते यावरून कळावं. ही भर मटासीसारख्या मोकळ्या मातीची असावी, त्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावं. कन्हारात मात्र थोडीशी वाळू टाकून माती भुसभुशीत होईल अशी आशा धरू नये. चिकणमातीत जेमतेम वाळू गेली की विटेसारखा गोळा तयार होतो. तिथे कंपोस्ट, चार-सहा इंच उंचावलेला वाफा आणि घरापासून बाहेरच्या बाजूला शंभर फुटांत एक-दोन फुटांचा उतार, यानेच काम भागतं.

एवढं झालं की जातीचा प्रश्न बराच हलका होतो. उघड्या उन्हात रायपूरला हरळीच्या कुळातलं गवत सरस: सिलेक्शन वन किंवा अमेरिकेत टिफ्टनला तयार झालेलं, १९६० साली बाजारात आलेलं टिफवे ४१९. जिची जुडी आपण गणपतीला वाहतो तीच ही हरळी, फक्त निवडून-संकरून बारीक केलेली. (चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या आसपास राहणाऱ्यांना दूर्वांसाठी लॉन उपटायचा मोह झाला, तर भाद्रपदाआधी युरिया आणि औषध मारलेलं नाही ना, एवढं पाहावं.) मेक्सिकन आणि कोरियन नावाने विकतात ती बहुधा झॉयसिया, दाट, मऊ, दिसायला देखणी, पण सावकाश वाढणारी. कोरियनचे उंचवटे न कापता सोडले तर वर्ष-दोन वर्षांत अंगणात टेंगळं येतात. केंटकी ब्ल्यूग्रासचं नाव कुणी काढलं तर ते पहाडी थंड हवेचं गवत आहे, इथे मे महिना काढणार नाही.

चटईच्या उलट्या बाजूला आणखी एक गोष्ट शोधायची असते: काळपट, मण्यांसारख्या गाठी. हा मोथा, म्हणजे लव्हाळा. गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. वरचं पातं उपटलं की खालची गाठ नव्याने फुटते. एकदा लॉनमध्ये शिरला की मालक बदलतात, मोथा राहतो. तो चटईतून येतो तसा शेतातून आणलेल्या मातीच्या ट्रॉलीतूनही येतो. म्हणून नवी माती टाकल्यावर दोनदा पाणी देऊन पंधरा-वीस दिवस थांबावं, उगवेल तो गाठीसकट खणून काढावा, मगच गवताकडे वळावं. ठेकेदाराला ही थांबण्याची कल्पना अजिबात आवडत नाही. त्याला एका दिवसात हिरवं करून, पैसे घेऊन निघायचं असतं.

वेळेचं म्हणाल तर घाई करायला लावणारा मुहूर्त बहुधा गृहप्रवेशाचा असतो, आणि तो नेमका एप्रिल-मेमध्ये निघतो. रायपूरचा वर्षाचा पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आर्द्रा लागल्यापासून हरेलीच्या सणापर्यंत, म्हणजे आषाढ अमावस्येपर्यंत, लावलेलं गवत आभाळाच्या पाण्यावर मुळं धरतं. त्या दिवसांत चटई घ्यायचीही गरज नसते. हरळीचे फुटवे तीन-चार इंचांवर टोचत गेलं की दिवाळीपर्यंत जमीन झाकली जाते, खर्च फार थोडा होतो आणि परकी माती येतच नाही. धीर असलेल्याने हाच मार्ग धरावा.

चटईच घ्यायची तर ती सकाळी उतरवून त्याच दिवशी अंथरावी. गुंडाळलेलं गवत आतल्या आत तापतं. गुंडाळीत हात घालून पाहावा, ऊब लागली आणि आंबूस वास आला तर माल परत. अंथरताना विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवायचे, कडा ताणायच्या नाहीत, वरून हलका रोलर आणि लगेच पाणी. पाणी पोचलं का हे वरून कळत नाही. चटईचा कोपरा उचलून खालच्या जमिनीत बोट खुपसावं. पंधरा दिवसांनी तोच कोपरा उचलला जाईना, की मुळं उतरली असं समजावं आणि रोजचं पाणी कमी करून एकाआड एक दिवस, मग तीन दिवसांनी, पण भरपूर द्यावं.

पाण्याचा हिशेब आधी करून ठेवलेला बरा. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. मे महिन्यात रोज पाच मिलिमीटर धरलं तरी साडेचारशे लिटरहून जास्त लागतात. दहा दिवसांत जवळजवळ एक पाच हजार लिटरचा टँकर. रायपूरला खारून नदीतून पाणी मिळतं, उन्हाळ्यात त्याला गंगरेल धरणाच्या पाण्याची मदत लागते, आणि बोअर एप्रिलमध्ये खरखरायला लागलेल्या कॉलन्या कमी नाहीत. एवढं ऐकून काही जण प्लास्टिकच्या गवताकडे वळतात. रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियमवर २०१५च्या डिसेंबरात भारताने शूटआउटमध्ये नेदरलँड्सला हरवून वर्ल्ड लीगचं कांस्य मिळवलं ते अशाच कृत्रिम मैदानावर. पण त्या मैदानावर खेळाआधी पाणी मारतात. घरच्या अंगणात मेच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवून बघावा, मग ऑर्डर द्यावी.

खरं तर हजार फुटांचा हट्टच नको. आंब्याखाली पाच-सहा तास ऊन पोचत नाही, तिथे हरळी कितीही खत घातलं तरी विरळच राहणार. तो भाग फरशीला किंवा पाचोळ्याला सोडावा. उन्हातल्या चारशे फुटांवर लॉन करावं. एकदा नीट मुरलेली हरळी उन्हाळ्यात पाण्याविना तपकिरी पडली तरी तिची खोडं जमिनीखाली जिवंत असतात आणि जूनच्या दोन सरींत ती फुटते. तेवढे दिवस पाहुण्यांना तपकिरी अंगण दाखवायची तयारी असेल, तर टँकरवाल्याचा नंबर साठवून ठेवायची गरज पडत नाही.