केळीची वंशावळ

अर्धापूरच्या माणसाला केळीबद्दल काही शिकवू नये म्हणतात. पण केळी मुळात कुणाची कोण, असं विचारलं तर आम्ही सगळे गप्प! मीही सत्तरी ओलांडेपर्यंत गप्पच होतो.

सुट्टीत नातवाने ‘मेगा’ नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं. जीवांच्या डीएनएची अक्षरं ओळीखाली ओळ मांडायची; फरक मोजून कोण कुणाचा जवळचा भाऊबंद, ते यंत्र झाडासारखी आकृती काढून दाखवतं. सुधीर कुमार, तामुरा आणि नेई यांनी १९९३ साली ते आणलं. त्याआधी, १९८० पासून, अमेरिकेतले प्रा. फेल्सेन्स्टाइन ‘फायलिप’ नावाचा असाच संच फुकट वाटत होते. आज ‘मेगा’ फुकट, आणि जेनबँकेतली डीएनएची माहितीही फुकट.

आता केळीकडे बघा. मुसा अ‍ॅक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी, बियांच्या जाती. वेलची केळी दोघींची लेक. पण आपली अर्धापुरी, बसराई, ग्रँड नैन या सगळ्या कॅव्हेंडिश घराण्यातल्या. गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. कंद लावा नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं, नावं वेगळी पण रक्त एकच. एकीला लागलेला रोग सगळ्यांना लागणार. ग्रो मिशेल ही जात १९५० च्या दशकात पनामा मर रोगाने बाजारातून गेली, तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत पोचला आहे. आमच्या गावाचं पोट ज्या पिकावर, त्याची ही गोष्ट आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ‘माकडापासून माणूस’ एवढ्यावर उत्क्रांती उरकू नये. नववी-दहावीच्या पोरांनी केळी, हळद, आलं आणि ज्वारी यांची वंशावळ स्वतः काढावी. केळी आणि हळद एकाच गणातल्या, हे शेतकऱ्याच्या पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे!

यंत्राचं झाड म्हणजे वेदवाक्य नव्हे, हेही शिकवावं. माहिती चुकली की झाड चुकतं. शिवाय वेलचीसारख्या संकराला दोन माहेरं. ती एका फांदीवर नीट बसत नाही.

खरी अडचण पैशाची नाही, भाषेची आहे. सगळं इंग्रजीत. माझ्यासारखा मराठी माध्यमातला बी.ए. पहिल्याच खिडकीपाशी अडला, तिथे पोरांचं काय? कुणा जाणत्याने दहा पानांची मराठी पुस्तिका लिहावी. शुद्धलेखन मी तपासून देतो.

तेही फुकट!