‘कधीमधी’ म्हणजे किती?

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास ज्यांच्या यंत्रमागांचा खडखडाट मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, अशा एका स्नेह्यांचा मुलगा परवा रात्री जेवणे आटोपल्यावर माझ्याकडे आला, आणि नोकरी लागल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ वडिलांनी जी रक्कम मंजूर केली आहे तिचा विनियोग कोणती मोटारसायकल घेऊन करावा, याविषयी मसलत मागू लागला. “काका, मला मातीत चालवायची गाडी घ्यायची आहे, पण कधीमधी रस्त्यावरही चालली पाहिजे,” असे त्याने आपल्या इच्छेचे सार एका वाक्यात सांगितले. वाक्य निर्दोष होते. परंतु त्यातील ‘कधीमधी’ हा शब्द किती किलोमीटरांचा आहे हे त्याने मोजले नव्हते, आणि माझा अनुभव असा की या जातीच्या गाड्या घेऊन पस्तावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पस्तावा याच शब्दापाशी सुरू झालेला असतो.

मी त्याच्या हाती कागद दिला आणि येत्या वर्षाचा प्रवास मांडायला सांगितले. नोकरी काल्हेरच्या एका गोदामाच्या कचेरीत, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस जाणे-येणे तिकडे. महिन्यातून एखादे काम ठाण्याला. आणि रविवारी पहाटे मित्रांसमवेत अंबाडी, वज्रेश्वरी किंवा दुगाड. यांपैकी ज्याला निर्विवाद माती म्हणता येईल अशी वाट रविवारच्या फेरीतही चार-पाच किलोमीटरांहून अधिक भरेना. जमाखर्च मांडून झाल्यावर त्याचा चेहरा किंचित उतरला, कारण ‘कधीमधी’ हा शब्द सडकेच्या रकान्यातून उठून मातीच्या रकान्यात जाऊन बसला होता.

तथापि हा ताळेबंद भिवंडीचा आहे हे विसरून चालणार नाही. डांबर, त्यावर सिमेंट, त्याला छेद देणारे पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या खांबांभोवती अंथरलेले लोखंडी पत्रे, पावसाळ्यात खड्ड्याची खोली झाकणारे मातकट पाणी आणि तेवढ्यातच कुठून तरी सांडलेली बारीक खडी, हे सर्व ज्या गावात एका किलोमीटरात भेटते, तेथे रस्ता आणि बिनरस्ता यांची सरहद्द आखणे हे तहसिलदाराच्या मोजणीदारालाही जमायचे नाही. भिवंडी–वाडा–मनोर या मार्गाने श्रावणात जाऊन आलेल्या माणसाला ‘ऑफ-रोड’ या शब्दाची व्याख्या निराळी समजावून द्यावी लागत नाही. तेव्हा मुलाची इच्छा वेडगळ नव्हती. तिच्यामागचे कारण मात्र त्याला वाटत होते त्याहून निराळे होते. त्याला गाडी हवी होती ती डोंगरासाठी, आणि तिचा खरा उपयोग होणार होता अंजूरफाट्याला.

मातीला मानवणारी गाडी आणि डांबराला मानवणारी गाडी यांच्या प्रकृतीच परस्परविरुद्ध आहेत, आणि या विरोधाचे मूळ कारखानदाराच्या कंजूषपणात नसून पदार्थविज्ञानात आहे. पुढचे चाक एकवीस इंची असले की दगडाची कड त्याला सौम्य कोनात भेटते आणि ते अडखळण्याऐवजी तिच्यावरून चढून जाते; पण तेच उंच आणि अरुंद चाक वेगात वळण घेताना आळसावते. शॉकअपची हालचाल लांब असली की खड्डा मनगटांपर्यंत पोहोचत नाही. पण तीच गाडी सडकेवर ब्रेक दाबताच नमस्कार घातल्यासारखी पुढे वाकते. इंजिनखाली वीतभर मोकळी जागा ठेवावी तर आसन उंच होते, आसन उंच झाले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि कल्याण नाक्याच्या कोंडीत बेताच्या उंचीच्या माणसाला चवड्यांवर उभे राहण्याची पाळी येते. टायरचीही तीच कथा: ज्याला आपल्याकडे बटन टायर म्हणतात तो चिखलात आपली बोटे रुतवून उभा राहतो, परंतु ओल्या सिमेंटवर त्या बटनांची केवळ डोकीच टेकत असल्यामुळे ऐन वेळी त्याची पकड दगा देते, आणि कोरड्या सडकेवर त्याची झीजही झपाट्याने होते. गिअरचे गणित मातीसाठी आखले तर ताशी ऐंशीच्या वेगाला इंजिन आक्रोश करू लागते. सडकेसाठी आखले तर चढावर पहिल्या गिअरमध्येही क्लच जाळावा लागतो. या दोन संसारांत एकाच यंत्राने वावरायचे म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी उधारी करायची. कोणाकडे किती करायची, एवढेच ठरविणे ग्राहकाच्या हाती असते.

ही तडजोड प्रथम ज्यांनी व्यवस्थित साधली त्यांत यामाहाच्या डीटी-१ या १९६८ सालच्या गाडीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २५० सी.सी.चे हलके टू-स्ट्रोक इंजिन, दिवे, नंबरप्लेट आणि शेताडीत शिरण्याची मुभा, असा तो संच होता, आणि अमेरिकेत त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे एक नवी जातच जन्माला आली. आपल्याकडे त्या काळी अशी चैन कोणी केली नाही. परंतु दुधाच्या बरण्या दोन्ही अंगांना लटकवून बांधावरून राजदूत हाकणारा गवळी रोज जे करीत असे, त्याला आज ‘ॲडव्हेंचर’ म्हणून पैसे मोजावे लागतात. पुढे २०११ साली हीरोने इम्पल्स ही दीडशे सी.सी.ची गाडी आणली. शरीर मातीचे आणि बळ सडकेलाही अपुरे, अशा अवस्थेत ती लवकरच अस्तंगत झाली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सी.सी.ची हिमालयन आली आणि २०१९ च्या मे महिन्यात, एक लाखाच्या आसपास किमतीत, हीरोची एक्सपल्स २००. या दोघींनी मिळून आपल्या मध्यमवर्गीय तरुणाला ही निवड करण्याची सवड प्रथमच दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आज निवड याहून विस्तृत आहे. मुलाने आणलेल्या माहितीपत्रकांत ४५२ सी.सी.ची नवी हिमालयन होती, कावासाकीची केएलएक्स २३० होती, एक्सपल्सची जुनी आणि २१० सी.सी.ची द्रवशीतित नवी अशी दोन्ही रूपे होती. आणि त्याने सर्वांच्या अश्वशक्तीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. माझा मतभेद त्या लाल रेघेशी आहे. या जातीच्या गाडीत प्रथम पाहावयाचा आकडा शक्तीचा नव्हे, वजनाचा. नवी हिमालयन १९६ किलो. एक्सपल्स २०० सुमारे १५८. केएलएक्स अवघी १३९. पहिल्या दोहोंतील अंतर जवळजवळ चाळीस किलोंचे, म्हणजे सिमेंटच्या गोणीहून थोडेसे कमी, आणि ही गोणी सडकेवर धावताना मुळीच जाणवत नाही. ती जाणवते गाडी आडवी झाल्यावर.

आणि मातीत गाडी आडवी होतेच. दुगाडच्या पलीकडे, गुमतारा किल्ल्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या एका बैलगाडीच्या चाकोरीत, ऐन ऑगस्टात, माझी त्या वेळची वजनदार गाडी अशी काही शांतपणे कलंडली की तिला पडणे म्हणावे की विश्रांती घेणे म्हणावे हे ठरविता येईना. मला खरचटलेसुद्धा नव्हते. पण तिला उभी करणे माझ्याच्याने झाले नाही. पायाखाली शेवाळलेला मुरूम, हॅण्डल चिखलात रुतलेले, टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा थेंब थेंब ठिबकतो आहे, आणि मोबाईलला रेंज नाही. डिसेंबर १७८० मध्ये याच दुगाडच्या परिसरात इंग्रजांच्या कर्नल हार्टलेच्या फौजेशी लढताना मराठ्यांचे सेनानी रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले, हा इतिहास मला त्या पाऊण तासात सविस्तर आठवला, कारण करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. अखेर गुरे राखणारा एक गृहस्थ आला, त्याने गाडीकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिले, आणि “एकट्यानं उचलंना व्हय? मंग आणायची कशाला?” असा प्रश्न केला. मोटारसायकलीच्या निवडीवर इतकी मार्मिक टीका मी छापील मजकुरात कुठे वाचलेली नाही.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे काय आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. मुंबई–नाशिक महामार्गावर गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग ओलांडताना हलकी आणि उंच गाडी वाऱ्याच्या झोताने हातभर बाजूला सरकते. छोटे इंजिन नव्वदीच्या पुढे थरथरू लागते, आणि नाशिक येईपर्यंत तळहात बधिर होतात. ज्याला दरमहा नाशिक किंवा वर्षाकाठी लडाख गाठावयाचे आहे त्याने खुशाल जड गाडी घ्यावी; ती त्याला सुखाने नेईल. केवळ तिला मातीची गाडी म्हणू नये, आणि तिच्यावर बसून एकट्याने चाकोरीत शिरू नये. माझ्याकडे आलेल्या मुलाच्या ताळेबंदात नाशिक एकदाही आले नव्हते.

दुसऱ्या टोकाचा मोह याहून घातक आहे. २०१५ साली बंगळुरूच्या सी. एस. संतोषने डाकारची शर्यत पूर्ण केली, आणि तसे करणारा तो पहिला भारतीय ठरला, तेव्हापासून अनेक तरुणांच्या भिंतीवर शर्यतीच्या गाड्या विराजमान झाल्या आहेत. अशी एखादी आयात केलेली, दिवे नसलेली, आरशांशिवायची गाडी ‘कागदांचे बघू नंतर’ या आश्वासनावर स्वस्तात गळ्यात मारणारे मध्यस्थही असतात. कागदांचे नंतर काहीही होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमान्वये नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही; नोंदणीसाठी त्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेचा दाखला लागतो, आणि बंदिस्त मैदानासाठी घडविलेल्या यंत्राला तो मिळालेलाच नसतो. ज्या गाडीला पासिंग नाही तिला विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे समोरच्याच्या मोडलेल्या पायाची जबाबदारी थेट वडिलांच्या यंत्रमागांवर येते. गाडीला दिवे लावून घेऊ, सायलेन्सर बदलून घेऊ, या युक्त्याही चालत नाहीत. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाची हरकत आहे.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवून ठेवतो. भातलावणीच्या दिवसांत खाचरांच्या बांधावरून गाड्या घालून त्याची चलच्चित्रे काढण्याची एक टूम निघाली आहे. बांध म्हणजे वाट नव्हे. तो फुटला की वरच्या खाचराचे पाणी खाली जाते, आणि ज्याचे पाणी गेले तो शेतकरी रविवार संपल्यावरही तेथेच राहणार असतो. तानसा अभयारण्याच्या हद्दीत शिरण्याबाबत तर बोलण्याची गरजच पडू नये.

तर मी मुलाला शिफारस केली ती दोनशे सी.सी.च्या आसपासच्या, दीडशे-एकशे साठ किलोंच्या, तारांच्या चाकांच्या गाडीची, जिची क्लच वायर वंजारपट्टी नाक्यावरही मिळेल आणि जिचे चेन-सॉकेट गल्लीतला मिस्त्री डोळे मिटून बदलील. बटन टायर लगेच बसवू नयेत. कारखान्याच्या मिश्र नक्षीच्या टायरांवर एक पावसाळा काढावा, मातीत शिरताना हवा थोडी कमी करावी आणि सडकेवर परतताच भरून घ्यावी. केएलएक्स मातीत तिच्याहून सरस आहे, हे मी लपविले नाही; परंतु ८८० मिलिमीटर उंच आसनावरून आठवड्याचे सहा दिवस काल्हेरला जाणे आणि साडेसात लिटरांच्या टाकीकडे सतत एक डोळा ठेवणे, हे मला त्याच्या ताळेबंदात बसेना. आणि खरेदीपूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी असे सांगितले: गाडी जमिनीवर आडवी करावी, तिच्याकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हॅण्डल आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी, आणि कोणाच्या मदतीवाचून मांड्यांच्या जोरावर ती उभी करून दाखवावी.

मुलगा आज्ञाधारक निघाला. दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानात जाऊन गाडी आडवी करून पाहण्याची परवानगी मागितली. विक्रेत्याने प्रथम त्याच्याकडे, मग त्याच्या वडिलांकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाला, “शेठ, अजून हार घातला नाही गाडीला, आणि तुम्ही पडायचं काढताय?”