चेहऱ्याचे गुणपत्रक

थेट प्रक्षेपणावर उपजीविका करणाऱ्या लाइव्हस्ट्रीमर मंडळींत एक खेळ रूढ झाला आहे. कॅमेऱ्यापुढे चेहरा धरावयाचा, संगणकाने मोजमापे घेऊन रूपाला गुण द्यावयाचे आणि प्रेक्षकांनी तो निकाल पाहावयाचा. काही खेळांत दोघांना समोरासमोर बसवून सरस कोण, हेही ठरविले जाते. देखणा म्हणून ख्याती असलेल्याला कमी गुण पडले की हशा पिकतो. तोच गृहस्थ दिवा सरकवून, मान किंचित वळवून पुन्हा बसला की गुण बदलतात. परीक्षकाची योग्यता एवढ्यावरूनच कळावयास हरकत नव्हती.

वस्तुतः हे यंत्र सौंदर्य ओळखत नाही. माणसांनी पूर्वी दिलेले गुण ते गिरविते. ग्वांगझौ येथील दक्षिण चीन तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१८ साली याच कामासाठी प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ५,५०० चेहरे होते. पैकी ४,००० आशियाई व १,५०० गौरवर्णीय. त्यांना १ ते ५ गुण देणारे परीक्षक अवघे ६०. साठ जणांच्या आवडीची सरासरी दशांश चिन्हासह पडद्यावर उमटली की तिला निसर्गनियमाची प्रतिष्ठा लाभते! २०१६ साली संगणकांनी परीक्षण केलेल्या ‘ब्यूटी डॉट एआय’ स्पर्धेत शंभरांहून अधिक देशांतील सुमारे ६,००० जणांनी छायाचित्रे पाठविली होती. ४४ विजेत्यांत बहुतेक सारे गोरे, थोडे आशियाई आणि सावळ्या वर्णाची व्यक्ती एकच.

मग कमी गुण मिळालेला स्ट्रीमर तोट्यात जातो काय? सहसा नाही. त्याचे उत्पन्न गुणांवर नव्हे, तर प्रेक्षकसंख्येवर, जाहिरातींवर, वर्गणीवर आणि देणग्यांवर अवलंबून असते. ३ गुणांचा चेहरा ९ गुणांच्या चेहऱ्याइतकीच करमणूक करतो, किंबहुना अधिक; फजितीलाही बाजारभाव आहे. शिवाय हसण्याची, यंत्राला नावे ठेवण्याची आणि उद्या पुन्हा बसण्याची मुभा त्याला असतेच.

या व्यवहाराचा खर्च मात्र तिसऱ्याच्याच माथी पडतो. कारखान्याच्या धुराची किंमत जशी शेजारची वस्ती मोजते, तसाच हा प्रकार आहे. प्रक्षेपण संपल्यावर सोळा वर्षांची एखादी मुलगी तोच खेळ आपल्या मोबाइलवर एकटीने खेळून पाहते. तिला प्रेक्षक नाहीत, मिळकत नाही आणि निकालाची थट्टा करणारेही कोणी नाही; हाती उरतो तो आकडा. (कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात निदान नकार देणाऱ्याचे तोंड तरी दिसे, आणि मागाहून त्याच्याविषयी चार शब्द बोलता येत.)

यंत्र किती चेहऱ्यांवर व किती जणांच्या मतांवर शिकविले, हे गुणांच्या शेजारीच छापण्याची सक्ती व्हावी, ही मागणी अवाजवी नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. ज्यावरून माणूस ओळखता येतो तो चेहरा वैयक्तिक माहितीत मोडत नसेल, तर मग काय मोडते? या खेळांना ती अट लावण्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज पडू नये.