मुक्यांचें पाप

रब्बी म्हटलें कीं आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें शाळू-हरभऱ्याचें रान उभें राहतें. परंतु यहुदी लोकांत रब्बी म्हणजे धर्म शिकविणारा गुरु. कोंकणांत तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारीं तो बंद ठेवणारे शनवारतेली याच धर्माचे. रब्बीपद जन्मानें मिळत नाहीं, विद्येनें मिळतें, हें वाचकांनीं आधीं ध्यानांत घ्यावें. अशाच एका रब्बीची, योआखिम प्रिन्झ यांची, हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रिन्झ यांचा जन्म १९०२ सालीं जर्मनीच्या सायलेशिया प्रांतांतील एका खेड्यांत झाला. ऐन तारुण्यांत ते बर्लिन शहरांत रब्बी झाले. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आलें आणि यहुद्यांच्या नोकऱ्या, दुकानें, शाळा एकामागून एक हिरावल्या जाऊं लागल्या. प्रिन्झ प्रार्थनामंदिरांत उभे राहून उघड बोलले. त्यांस पुनःपुन्हां अटक झाली व १९३७ सालीं देशाबाहेर घालविण्यांत आलें.

ते अमेरिकेस गेले. १९३९ पासून न्यूअर्क शहरांतील ब्नाय अब्राहम या मंदिराचे ते रब्बी होते. जीव वांचला, पोट भरलें, मंडळींत मान मिळाला. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर स्वस्थ बसता. परंतु तेथें काळ्या लोकांस जें भोगावें लागे, तें पाहून प्रिन्झ यांस बर्लिन आठवलें. दक्षिणेकडील दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाचा पैसा चाले, पण खाण्याच्या टेबलाशीं त्यास बसूं देत नसत. म्हणून १९६० सालीं हे रब्बी न्यूयॉर्कमध्यें तशा एका कंपनीच्या दुकानापुढें निषेधाची पाटी घेऊन उभे राहिले.

२८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें सुमारें अडीच लाख लोक जमले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अगदीं आधीं प्रिन्झ बोलले. त्यांच्या सांगण्याचा मतलब असा कीं, द्वेष व दुराग्रह यांहूनहि मोठें, लाजिरवाणें संकट म्हणजे भल्या माणसांचें गप्प बसणें. आणि शेजारी हा शब्द जागेचा नव्हे, नीतीचा आहे.

कोणी म्हणेल, धर्मगुरूनें पूजाप्रार्थना सांभाळावी, मोर्च्यांत त्याचें काय काम? आम्ही विचारतों, शेजाऱ्याचा गळा दाबला जात असतां जी प्रार्थना चालूच राहते, ती देवापर्यंत पोंचते तरी काय? आम्ही शाळामास्तर. वर्गांत एक पोर दुसऱ्यास बडवितें आणि चाळीस पोरें पाहत बसतात. मारणाऱ्याचें बळ त्याच्या मनगटांत नसतें, त्या चाळिसांच्या मुकेपणांत असतें.

१९६४ सालीं भेदभावाविरुद्ध व १९६५ सालीं मताच्या हक्काबद्दल कायदे झाले. ते काळ्या लोकांनीं मार खाऊन, तुरुंग भोगून मिळविले. प्रिन्झ यांचा वांटा सोबत्याचा. त्यांतहि एक टोंचणी आहेच. १९६७ सालीं न्यूअर्कमध्यें दंगल होऊन २६ माणसें मेलीं. गोरी वस्ती शहर सोडूं लागली आणि १९७३ सालीं त्यांचें मंदिरहि लिव्हिंग्स्टन या उपनगरांत गेलें. शेजारधर्माची खरी परीक्षा व्यासपीठावर नाहीं, बिऱ्हाड हलवितांना होते.

प्रिन्झ १९८८ सालीं वारले. त्यांची तसबीर भिंतीवर लावण्याची गरज नाहीं. उद्यां आपल्या डोळ्यांदेखत कोणास पंक्तींतून उठविलें, कोणास पाणवठ्यावर अडविलें, तर तेथें एवढें म्हणावें : हें बरें नव्हे. एवढ्यास ना पैसा लागतो, ना मोठी विद्या.