चिठ्ठी मागा, ट्यूब नंतर द्या!

मागच्या पावसाळ्यात कमरेवर गोल चट्टा उठला. चौकातल्या मेडिकलवर गेलो, म्हटलं, "खाजतंय." त्यानं चट्टा न बघताच ट्यूब पुढं सरकवली. चार दिवसांत खाज गायब! महिनाभरात चट्टा मांडीवर, अन् बायकोलाही तेच. शेवटी त्वचारोग डॉक्टरांनी सांगितलं : हे इसब नाही, गजकर्ण आहे. आणि ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं.

लोकहो, आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. लँगरहान्स पेशी घुसखोर ओळखतात आणि टी-पेशींना वर्दी देतात. इसबात कातडीचा बांध कच्चा असतो आणि हे पहारेकरी साध्या धुळीलाही चोर समजून दंगा करतात. तिथं स्टिरॉइड त्यांना शांत करतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड हे इसबावरचं चांगलं औषध आहे, त्याला भिऊ नका. पण गजकर्णात चोर खरा असतो : बुरशी. तिथं पहारेकऱ्यालाच झोपवलं की चोराला रान मोकळं. खाज थांबते, कारण ओरडणारा झोपलेला असतो!

आणि इसब असलं तरी मनानं महिनोन् महिने ट्यूब चोळली तर कातडी पातळ होते, जांघेत चिरा पडतात, चेहरा लाल होतो.

२०१८ मध्येच केंद्र सरकारनं स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. मग माझ्याकडं चिठ्ठी का मागितली नाही? आणि मी तरी न विचारता का घेतली? चूक माझीही आहेच.

मेडिकलवाले म्हणतील, "डॉक्टर कुठंय गावात?" हा सवाल मात्र खरा आहे. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण किनवटच्या मजुरानं एका चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं घालवायचं का? तो ट्यूबच घेणार.

म्हणून मागण्या दोनच. अन्न व औषध प्रशासनानं साध्या वेशात गिऱ्हाईक पाठवून दुकानं तपासावीत. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, त्वचारोग डॉक्टर बसवावा.

तोवर घरातली ट्यूब काढा, त्यावरचं नाव वाचा. दवाखान्यात जाताना ती सोबत न्या आणि लाज न बाळगता दाखवा. मी दाखवली, तेव्हाच रोग कळला.